चार जणांचा सर्व्हर

५ फेब्रुवारी, सोमवार

टर्मिनलरावांनी बजावलंय, "लिफ्टवाले, जी आज्ञा टाइप कराल ती वहीत लिहा आणि पुढे काय झालं तेही लिहा. नाहीतर चौथ्या दिवशी काय बिघडवलंत ते तुमचं तुम्हालाच आठवणार नाही." म्हणून ही वही. आज्ञा मागच्या पानांवर लिहीन. पुढच्या पानांवर काय लिहायचं हे त्यांनी सांगितलेलं नाही, तेव्हा इथे भीती लिहितो. ती भरपूर आहे.

टर्मिनलराव म्हणजे आमच्या कंपनीतले कॉम्प्युटर सांभाळणारे गृहस्थ. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. माउसला हात लावत नाहीत. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बडवत बसतात, तोंडात कायम लवंग. आणि मी बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. कॉम्प्युटरशी माझा संबंध हजेरी लावण्यापुरता. आई म्हणते तसा जन्मजात भित्रा, पण लिफ्टच्या धंद्यात भित्रेच टिकतात. आम्ही मेन स्विच पाडतो, त्याला कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. दुसऱ्याच्या "बंद केलंय हो" वर आम्ही शाफ्टमध्ये पाय घालत नाही.

हा सगळा खटाटोप धाकटीसाठी. माझी बहीण आठ महिन्यांपूर्वी नवऱ्याच्या घरातून मुलीला घेऊन निघाली. तीन आठवड्यांत त्याने तिला शोधून काढलं. दोघांचं फोटोंचं खातं एकच होतं, तिने तिथे मुंगीचा एक फोटो ठेवला, आणि तो थेट त्या दारात. त्या दिवशी तिचं मनगट मोडलं. मुंगी म्हणजे माझी भाची, वय वर्षं सहा, सतत काहीतरी उचलून कुठेतरी नेत असते म्हणून मुंगी. त्यानंतर धाकटी जिथे गेली ते आम्हालाही सांगितलेलं नाही. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी फोनवरून बोलते, तीन-चार मिनिटं. कुठल्याही कंपनीच्या ॲपवर फोटो पाठवायला तयार नाही.

आणि गेल्या महिन्यात आईचं खुब्याचं हाड मोडलं. पलंगावर पडून एकच घोशा. मला मुंगी दाखवा.

तर बेत असा. ऑफिसने टाकून दिलेला कॉम्प्युटर घरी आणायचा, त्यावर लिनक्स घालायचं, त्यावर फोटो-व्हिडिओ ठेवायचं फुकटचं मुक्त सॉफ्टवेअर. यंत्र आपलं, घर आपलं, खाती चार. आई, बाबा, मी, धाकटी. पाचव्याला प्रवेश नाही.

८ फेब्रुवारी, गुरुवार

लिनक्स चढलं. तीनदा केलं. पहिल्यांदा मी चुकून पेन ड्राइव्हवरच चढवलं. टर्मिनलराव फोनवर इतके हसले की लवंग घशात गेली.

यंत्र पुढच्या खोलीत, चपलांच्या कपाटावर ठेवलंय. बाबा दोनदा येऊन बघून गेले. "हे चोवीस तास घरघरणार?" म्हणाले. मी म्हटलं, हो. म्हणाले, "बरं आहे, घरात कुणीतरी बोलेल."

११ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर "परवानगी नाकारली". माझंच यंत्र, माझंच फोल्डर आणि मलाच परवानगी नाही. संध्याकाळी कळलं की फोल्डर एका नावाचं आणि सॉफ्टवेअर चालतंय दुसऱ्या नावाने. मालकी बदलली आणि ते पान उघडलं. रिकामं, पांढरं, मधोमध "पहिला फोटो टाका".

मी माझ्या चपलेचा फोटो टाकला. आईला तिच्या फोनवर दाखवला. आई म्हणाली, "एवढ्यासाठी जेवला नाहीस?"

१४ फेब्रुवारी, बुधवार

आज यंत्र बाहेरच्या जगाला उघडलं. राउटरमध्ये एक वाट काढली, पत्ता घेतला, पानावर कुलपाचं चिन्ह आलं. मी चहा ठेवून परत आलो आणि नोंदी उघडून बघितल्या. वीस मिनिटांत एकशे बारा जणांनी आत शिरायचा प्रयत्न केला होता. कुणी "admin" म्हणून, कुणी "test" म्हणून, कुणी असल्या देशांतून की मला नकाशात दाखवता येणार नाहीत.

चहा तसाच ठेवून टर्मिनलरावांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "अहो, ती माणसं नाहीत. जगातल्या प्रत्येक दाराची कडी हलवत फिरणारी यंत्रं आहेत. तुमच्यावर कुणाचा राग नाही."

तरी त्यांनी संध्याकाळी बसून सगळं करून घेतलं. फोटोंच्या पानाला पासवर्ड राहिला, पण खुद्द यंत्रात पासवर्डने येणं बंद, फक्त किल्लीची फाइल असेल तोच. फायरवॉल. तीनदा चुकला की तो पत्ता हद्दपार. आता यंत्रात शिरायचं तर माझ्या खिशातला पेन ड्राइव्ह लागेल. मी तो शर्टाच्या आतल्या खिशात शिवून घेतलाय. हे टर्मिनलरावांना सांगितलेलं नाही.

१७ फेब्रुवारी, शनिवार

धाकटीचा फोन आला. मी तिला पत्ता आणि पासवर्ड अक्षर अक्षर करून सांगितला. तिने परत वाचून दाखवला. मग विचारलं, "दादा, फोटोत जागेची नोंद जाते म्हणतात. हा फोन जुना घेतलाय, यात ते कुठे बंद करायचं मला सापडत नाही. तू तिकडून बघशील?"

मी म्हटलं, "तू काळजी करू नकोस. ते माझ्यावर सोड."

तिने पहिला फोटो टाकला. मुंगी, पुढचा एक दात गायब, हातात एक भलीमोठी वीट. मी आधी बाजूला बघितलं. तिथे एक नकाशाच उघडला होता आणि त्यावर लाल ठिपका! गल्लीसकट! मी नजर फिरवली, ते नाव वाचलंच नाही. सेटिंगमध्ये जाऊन नकाशाचं बटण शोधलं, बंद केलं. पान पुन्हा उघडलं. नकाशा गेला, ठिपका गेला. आईच्या फोनवरून बघितलं, बाबांच्या फोनवरून बघितलं. कुठेच नाही. हुश्श.

मग आईला फोटो दाखवला. आईने फोन छातीवर उलटा ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

२० फेब्रुवारी, मंगळवार

धाकटीला एक व्हिडिओ टाकायचा होता, तो जाईना. पडद्यावर नुसता आकडा, ४१३. फोटोखाली शेरा लिहायची सोय आहे, तिथे तिने लिहिलं, "दादा, तुझी लिफ्ट अडकली." ऑफिसमध्ये विचारलं तर टर्मिनलराव म्हणाले, दारावरचा पहारेकरी जाड फायली आत सोडत नाहीये, त्याची मर्यादा वाढवा. एक ओळ बदलली. झालं.

व्हिडिओत मुंगी एका पायावर अंगण ओलांडते. एकोणीस उड्या. आईने मोजल्या. आज फिजिओवाल्या बाई आल्या तेव्हा आई पहिल्यांदा आपणहून उठून बसली आणि त्यांना म्हणाली, "एकोणीस. बघा. आणि मी इथे दोन पावलांना रडतेय."

बाबा दारात उभे राहून बघत होते. व्हिडिओ संपला तसे चष्मा पुसायला आत गेले. बाबा या विषयावर बोलत नाहीत. जावई त्यांचा फार लाडका होता. दर शनिवारी दोघांचा बुद्धिबळाचा डाव असायचा. मनगटाचं कळलं तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते, "त्याच्याकडून असं होणं शक्य नाही." माणसाला धक्का पचायला वेळ लागतो.

२४ फेब्रुवारी, शनिवार

आज एक चांगली गोष्ट. बाबा आपणहून माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, "हे फोटो दुसऱ्या कुणाला दाखवायचे तर?"

मी विचारलं, कुणाला. म्हणाले, "माझ्या ऑफिसातले जुने मित्र. त्यांना नातवंडांचे फोटो पाठवायची फार हौस, रोज पाठवतात. मला पाठवायला काही नसतं." ऐकून वाईट वाटलं. त्यांच्याच खात्यातून दाखवलं. अल्बम निवडायचा, "दुवा बनवा" दाबायचं, येईल ती ओळ पाठवायची. मी म्हटलं, ही ओळ फक्त त्या एका मित्राला हं बाबा, पुढे जाता कामा नये. "मी काय लहान आहे?" म्हणाले. दोन वेळा स्वतः करून बघितलं. पंच्याहत्तराव्या वर्षी एवढ्या पटकन शिकले, मला अभिमान वाटला.

२८ फेब्रुवारी, बुधवार

बाबा खुशीत आहेत. सकाळी सातला फिरायला जातात ते सव्वाआठशिवाय येत नाहीत. आई पलंगावरून म्हणते, "तुझ्या बाबांना बागेत कुणीतरी भेटलेलं दिसतंय. फोनला चिकटलेले असतात म्हणे, शेजारीण सांगत होती." आणि मोठ्याने हसते. आई हसतेय हेच पुष्कळ.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, फोटो पूर्ण मोठा कसा उतरवून घ्यायचा, मित्राला बारीक दिसतं, डोळे कमजोर आहेत. मी त्यांच्या दुव्यात "मूळ फाइल उतरवू द्या" वर खूण करून दिली.

१ मार्च, शुक्रवार

काहीतरी आहे.

नोंदी चाळत होतो. कडी हलवणारी यंत्रं आता मला कळतात, ती येतात आणि जातात. पण हा एक वेगळा आहे. रोज सकाळी सात वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी येतो. शांतपणे मुंगीचे फोटो उघडतो, एकामागून एक. प्रत्येकावर बराच वेळ. यंत्र असं थांबत नाही. हा माणूस आहे.

टर्मिनलरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आठवडाभर पडद्याकडे बघायला बंदी. मी एकट्यानेच त्याचा पत्ता हद्दपार केला.

२ मार्च, शनिवार

सात वाजून बावीस मिनिटं. दुसऱ्या पत्त्यावरून. तोच क्रम, तेच थांबणं. व्हिडिओ दोनदा.

पाचावर धारण बसलीय. घरातल्या तिन्ही खात्यांचे पासवर्ड बदलले, धाकटीचा तेवढा ठेवला, नाहीतर तीच बाहेर राहील. बाबांचा बदलताना बाबा म्हणाले, "आता काय झालं?" मी सांगितलं, कुणीतरी आत शिरतंय. ते एकदम म्हणाले, "तुला भास होतात. तू लहानपणापासून असाच, पडदा हलला तरी किंचाळायचास." धीर द्यायला म्हणाले असतील.

३ मार्च, रविवार

सात वाजून एकवीस. नवा पासवर्ड घालूनही. कुठून येतो हा? बारा आकडी पासवर्ड, किल्ली खिशात, फायरवॉल, आणि हा भिंतीतून आल्यासारखा येतो आणि मुंगीकडे बघत बसतो.

धाकटीला सांगायला हवं. सकाळपासून तीनदा शेरा लिहिला आणि तीनदा पुसला. सांगितलं तर ती फोटो टाकणं त्याच क्षणी थांबवेल. आई काल वॉकर धरून खिडकीपर्यंत गेली. शिवाय समजा मी घाबरट म्हणूनच मला असं वाटत असेल तर? बुधवारी टर्मिनलराव येतील, त्यांना दाखवू, मग ठरवू. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे.

हे लिहिलंय आणि मला ते आवडलेलं नाही.

५ मार्च, मंगळवार

अक्षर वाईट येतंय.

दुपारी दीडला, एका इमारतीच्या लिफ्टच्या मशीनरूममध्ये डबा खात असताना फोनवर शेरा आला. वीट घेतलेल्या मुंगीच्या फोटोखाली धाकटीने लिहिलं होतं, "दादा, काल शाळेच्या फाटकापाशी त्याच्यासारखी गाडी होती. नंबर दिसला नाही. मला भास होतोय का?"

मी काम टाकून घरी धावलो आणि पहिली गोष्ट काय केली, तर यंत्राची वायर उपटली. बंद. आता कुणी आत येणार नाही. मग टर्मिनलरावांकडे रिक्षाने गेलो आणि यंत्र काखेत घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी काळा चष्मा वर केला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बंद केलंत? मग तुम्ही बहिणीला कळवणार कसं?"

तिचा फोन नंबर माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही. आमच्यात वाट ती एवढीच, आणि ती मी उपटून काखेत घेऊन फिरत होतो.

परत घरी. टर्मिनलराव डोळ्यांत थेंब घालून सोबत आले. यंत्र सुरू केलं. ते वर येईपर्यंतच्या चार मिनिटांत मी डोळ्यांसमोर काय काय बघितलं ते लिहीत नाही. त्यांनी नोंदी उघडायला लावल्या आणि मला वाचायला सांगितलं. मी एक ओळ वाचली. त्यांनी थांबवलं. "हा कुणी चोरून आलेला नाही. हा दुव्यावरून येतोय. दुव्याला पासवर्ड लागत नाही. हा दुवा बनवला कुणी?"

बाबांचं खातं. २४ फेब्रुवारी.

मी म्हटलं, बाबांचा मित्र आहे. टर्मिनलरावांनी विचारलं, "मूळ फायली किती उतरवल्यात?" सतरा. "एक उघडा. अशी नाही. या आज्ञेने." मी आज्ञा टाइप केली. वीट घेतलेल्या मुंगीच्या फोटोखाली अक्षरं सरकत गेली. कॅमेरा कुठला, वेळ काय, आणि शेवटी दोन लांबलचक आकडे. अक्षांश, रेखांश.

"पण मी नकाशा बंद केला होता," मी म्हटलं.

"तुम्ही नकाशा दाखवणं बंद केलंत."

दिवा विझला म्हणजे वीज गेली असं समजणाऱ्या नवख्याला मी शाफ्टपाशी उभं करत नाही. मी नेमकं तेच केलं. लाल ठिपका दिसेनासा झाला आणि मी हुश्श म्हटलं. त्या माणसाच्या हातात मीच सतरा वेळा पत्ता दिला.

दुवा पुसला. बाबांचं खातं पुसलं. तिच्या शेऱ्याखाली लिहिलं, "भास नाही. तिथून निघ. आत्ता. सामान घेऊ नकोस. मुंगीला शाळेतून घे आणि मागच्या वाटेने जा. त्याच्याकडे पत्ता आहे." चार वाजून दहा मिनिटांनी तिच्या खात्यातून ते उघडलं गेलं. नऊ सेकंद. पुढे काही नाही.

६ मार्च, बुधवार

काही नाही. मी कामावर गेलो नाही. लिफ्टमध्ये माझ्या हाताखाली माणसं असतात.

बाबांशी बोललो. आई झोपली होती, स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. मी विचारलं, "कुठला मित्र, बाबा?"

ते खोटं बोलले नाहीत. बहुतेक वाटच बघत होते. "रडत होता रे फोनवर," म्हणाले. "रोज फोन करायचा. म्हणायचा, मला काही नको, नुसतं मुलीला बघू द्या, रोज दहा मिनिटं. बाप आहे तो. मी तुला सात महिने बघितलं नसतं तर?"

"त्याने तिचं मनगट मोडलं होतं."

"ते रागाच्या भरात. पश्चात्ताप झालाय त्याला." मग एकदम ताठ बसले. "आणि मी पत्ता दिलेला नाही. पत्ता मला माहीत तरी आहे का? मी फक्त फोटो दाखवले. तुला काय वाटलं, मी माझ्या मुलीचा पत्ता देईन?"

मला ओरडायचं होतं. पण काय म्हणून ओरडणार? दार त्यांनी उघडलं, पण पत्ता आत मी ठेवला होता. मी सांगितलं की फोटोतच जागा होती. बाबा हळूच म्हणाले, "म्हणजे तुझ्या यंत्राने दिला."

मी हो म्हटलं.

७ मार्च, गुरुवार

काही नाही. दर दहा मिनिटांनी नोंदी बघतो. कडी हलवणारे येतात, जातात. मला आता त्यांचा राग येत नाही.

आईला सांगितलेलं नाही. ती दोनदा म्हणाली, नवीन फोटो नाही आला. मी म्हटलं, सर्व्हर बिघडलाय.

८ मार्च, शुक्रवार

जिवंत आहेत. दोघी जिवंत आहेत.

सकाळी अकराला फोन. मला तिचा आवाज आधी ओळखूच आला नाही. मंगळवारी साडेचारला ती मुंगीला घेऊन निघाली. सहा वाजता त्याने खोलीचं दार फोडलं. आत कुणी नव्हतं म्हणून भांडी फोडली, मुंगीची वह्या-पुस्तकं फाडली. शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं, तोवर तो गेला. या दोघी आता बायकांसाठी चालवलेल्या एका जागी आहेत, तिथून पुढे दुसऱ्या गावी जाणार. तक्रार झालीय.

मी जमिनीवर बसूनच ऐकलं.

मग तिने विचारलं, "दादा, त्याला कळलं कसं?"

"माझ्यामुळे. फोटोत जागेची नोंद होती. मी ती पुसली नव्हती, नुसती लपवली होती."

"पण ते तर आपल्या चौघांनाच दिसत होतं ना?"

बाबा समोर खुर्चीत बसले होते. माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांची हनुवटी हलत होती. मी म्हटलं, "माझ्याकडून बाहेरचं एक दार उघडं राहिलं. त्यातून तो आत आला."

मग तिने श्वास सोडला, तो मला इकडे ऐकू आला. "बरं झालं तू सांगितलंस," म्हणाली. "मला वाटलं होतं, बाबांनी... दोन दिवस मी तोच विचार करत होते. ते दुखणं वेगळं असतं दादा. तुझी चूक झाली, तुला मी शिव्या घालीन. नंतर. आत्ता तुझ्याशी मला बोलवत नाही. फोन बाबांना दे."

दिला. बाबा "हो", "हो बाळा", "सांभाळ" एवढंच म्हणाले. मग त्यांनी पेन मागितलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कडेला एक नंबर लिहिला. फोन ठेवून माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते, पण चेहरा उजळला होता. "तिचा नवा नंबर आहे. दर रविवारी पाचला मला फोन करणार. पुढच्या जागेचंही सांगेन म्हणाली, स्थिरावली की."

यंत्राबद्दल तिचा निरोप होता. उद्या दुपारी ती एकदा येईल, मुंगीचे फोटो स्वतःकडे उतरवून घेईल, मग सगळं पुसून टाकायचं.

मी तिला बाबांनी दगा दिल्याच्या दुःखातून वाचवलं असं मला तासभर वाटत होतं. तासभरच.

९ मार्च, शनिवार

सकाळी बाबांचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं आणि दार ओढून घेऊन जिन्यात गेले. मी दाराला कान लावला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस मी, आणि बापाच्या मागे दाराला कान लावून उभा.

"चुकलंच तुझं," बाबा म्हणत होते. "असं दार फोडतात का?... हो... हो, सुखरूप आहेत दोघी... नाही नाही, आत्ता नको. थोडे दिवस जाऊ देत. मी बोलेन तिच्याशी. माझं ऐकेल ती."

आत आले तेव्हा मी विचारलं, कोण होतं. "बागेतले एक," म्हणाले.

कॅलेंडरचा कोपरा मी फाडू शकतो. पण नंबर त्यांना पाठ असणार, आयुष्यभर आकड्यांची नोकरी केली त्यांनी. आणि नसला तरी रविवारी ती स्वतः फोन करेल, पुढच्या जागेचं सांगेल, कारण तिला वाटतंय बाबा तेवढे आपले. ते तिला मीच सांगितलं.

आईचा विचार केला. बाबांच्या त्या हलणाऱ्या हनुवटीचा विचार केला. मग मशीनरूममध्ये उभा असल्यासारखा विचार केला. कुलूप लावायचं आणि किल्ली कुणाच्याच "हो" वर सोडायची नाही.

आईचं खातंही काढलं, यंत्रावर आता दोनच खाती, तिचं आणि माझं. एकही दुवा नाही, हे तीनदा तपासलं. एका पायावर उड्या मारणाऱ्या मुंगीच्या व्हिडिओखाली लिहिलं.

"काल तुला अर्धंच सांगितलं. ते दार बाबांनी उघडलं होतं. ते त्याच्याशी अजून बोलतात. आज सकाळीही बोलले. त्यांना रविवारी फोन करू नकोस. नंबर बदल. मलाही देऊ नकोस, मी याच घरात राहतो."

लिहून झाल्यावर पुसायच्या बटणावर बोट ठेवून बसलो. मग बोट उचललं.

दोन वाजून तीन मिनिटांनी ती आली. एकेक फाइल उतरवत गेली, मी नोंदींमध्ये बघत होतो. एकसष्ट फोटो, चार व्हिडिओ. शेरा उघडला. बारा मिनिटं काहीच नाही. मग एकेक फाइल पुसली गेली. शेवटी तिने स्वतःचं खातं पुसलं. मला काही लिहिलं नाही.

यंत्रावर एकच फोटो उरला, माझ्या चपलेचा. तोही पुसला आणि डिस्क कोरी केली.

१० मार्च, रविवार

बाबांनी दुपारीच दाढी केली. साडेचारला धुतलेला शर्ट घालून खिडकीपाशी बसले, फोन मांडीवर. आईला आता थोडं सांगितलंय, दोघी सुखरूप आहेत आणि आज फोन येणार आहे एवढंच. ती वॉकर धरून पुढच्या खोलीपर्यंत आली. पहिल्यांदाच. बाबांनी तिला आपली खुर्ची दिली आणि स्वतः स्टूल घेतलं.

पाच वाजले. सव्वापाच झाले. आई म्हणाली, "मुलीला जेवायला घालत असेल." साडेपाचला बाबा म्हणाले, "तिकडे रेंज नसेल." सहाला त्यांनी कॅलेंडरकडे न बघता स्वतःच नंबर लावला. कानाला धरून बसले, मग खाली ठेवला. पुन्हा लावला. बंद.

"तू बघ जरा," त्यांनी फोन माझ्याकडे दिला. "तुला कळतं यातलं. माझ्याच फोनमध्ये काही अडकलंय का?"

मी फोन घेतला. आवाज पूर्ण मोठा होता. रेंज होती, बॅटरी होती. आई माझ्याकडे बघत होती. मी माझ्या फोनवरून त्यांना एक फोन लावून बघितला, तो लगेच वाजला आणि बाबा अर्धे उठलेच.

"मीच आहे, बाबा," मी म्हटलं. "तुमचा फोन चालू आहे."

आणि तो पुन्हा त्यांच्या हातात दिला.